चिखलातली फटफटी

मोटारसायकलला मराठीत फटफटी म्हणतात. हा शब्द आता जुना झाला, आजी-आजोबांच्या तोंडीच उरला. पण तो घडला कसा हे पाहण्यासारखं आहे. एका सिलिंडरचं इंजिन सावकाश फिरत असतं तेव्हा प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो, फट, फट, फट. त्या आवाजालाच शेपूट जोडून लोकांनी नाव केलं. दीड वर्षाचं मूल हेच करत असतं. कुत्रा म्हणजे भूभू, मांजर म्हणजे माऊ, बाहेर जायचं म्हणजे भुर्र. म्हणून बाइकच्या मागे लागलेल्या मुलाला पहिला शब्द द्यायचाच असेल तर तो फटफटी द्यावा. ‘मोटारसायकल’ त्याच्या जिभेला झेपणार नाही. फटफटीचं निदान ‘पटपटी’ होईल, ‘तत्ती’ होईल, आणि ऐकणाऱ्याला कळेल.

मुंबईत डर्ट बाइक पळवण्याजोगी मोकळी माती फारशी उरलेली नाही, तरी तिचं वेड लागलेली दोन-अडीच वर्षांची मुलं इथेही आहेत. कुणी ती मोठ्या भावाच्या मोबाइलवर पाहिलेली असते, कुणी सोसायटीच्या पार्किंगमध्ये: उंच, किडकिडीत, पुढचा मडगार्ड हवेत, चाकांवर वाळलेला चिखल, कारण मालक रविवारी पहाटे घाट चढून आलेला असतो. त्या दिवसापासून घरात दुसरा विषय राहत नाही. चमच्याची बाइक होते, चपलेची होते, पोळीचा तुकडा ताटाच्या काठावरून भुर्रर्र जातो.

थोड्या दिवसांनी मोठी माणसं कंटाळतात, मग काळजी करू लागतात. सारखं काय बाइक, बाइक! रंग कधी शिकणार, प्राणी कधी शिकणार? आणि मुलाच्या हातातली बाइक काढून समोर फळांचा तक्ता धरला जातो. हे करू नका. मूल ज्या वस्तूकडे आधीच बघत आहे तिचा शब्द त्याला लवकर चिकटतो; त्याची नजर ओढून दुसरीकडे नेली आणि तिथला शब्द सांगितला, तर तो तितका चिकटत नाही. टोमासेलो आणि फरार या संशोधकांनी १९८६ साली हे प्रयोगाने दाखवलं, आणि सगळी हुशार आजी मंडळी ते संशोधनाशिवायच पाळत आली आहेत. चांदोबाकडे बघणाऱ्या नातवाला त्या चांदोबाबद्दलच सांगतात. रंग शिकायचाच असेल तर लाल टाकीवर शिकता येतो. आकडे दोन चाकांवर सुरू होतात.

लहान वयातल्या अशा तीव्र ओढींवर ज्यूडी डीलोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००७ सालचा अभ्यास आहे. त्यात वाहनांची ओढ वारंवार आढळली, आणि अशा ओढी मुलग्यांमध्ये अधिक दिसल्या. त्याचा अर्थ मुलीच्या हातातून बाइक काढावी असा कोणी घेऊ नये. कच्च्या वाटांवरच्या लांब पल्ल्याच्या बाहा शर्यतींचा महिलांचा विश्वचषक २०१९ साली जिंकणारी ऐश्वर्या पिस्से भारतीयच आहे.

मुलाशी बोलायचं तर आधी मोठ्यांनी गाडी नीट पाहायला हवी. बोलण्यात ‘छान आहे हं बाइक’ याच्यापुढे काही नसेल तर दोन मिनिटांत दोघेही गप्प होतात. मोटोक्रॉस, म्हणजे मातीवरच्या शर्यतीसाठीच केलेल्या गाडीला दिवा नसतो, इंडिकेटर नसतो, आरसा नसतो. म्हणून ती रस्त्यावर चालवता येत नाही. आपल्या पार्किंगमध्ये दिसतात त्या एक्सपल्स किंवा हिमालयनसारख्या गाड्या रस्ता आणि माती दोन्हींसाठी केलेल्या, त्यांना हे सगळं असतं. दोघींचं पुढचं चाक मात्र मोठं, २१ इंचांचं, कारण मोठं चाक खड्ड्यात पडण्याऐवजी त्याच्या काठावरून चढून जातं. मडगार्ड उंच, कारण तो चाकाला चिकटून असता तर मधे चिखल भरून चाक जाम झालं असतं. टायरवर रबराचे सुटे, उंच ठोकळे. ते मातीत रुततात आणि पकडतात, आणि चाक जोरात फिरलं की फटींत भरलेला चिखल झटकला जातो. मोटोक्रॉस गाडीचे पुढचे शॉकअप साधारण तीस सेंटीमीटर दबतात, म्हणजे शाळेतल्या पट्टीएवढे. चालवणारा बरेचदा बसतच नाही. फुटरेस्टवर उभा राहतो, गुडघे वाकवतो, म्हणजे पायही शॉकअपचं काम करतात.

यातलं एकही वाक्य मुलाला असंच्या असं ऐकवायचं नाही. त्यातून त्याच्या मापाची वाक्यं काढायची. “मडगार्ड वर आहे. चिखल खाली.” “टायर खरखरीत! हात लाव.” “दिवा नाही. अंधारात नाही जायचं.” मोठ्याला कारण माहीत असलं की छोटं वाक्यही खरं निघतं, आणि पुढे तीन वर्षांचं झाल्यावर मूल “का?” विचारू लागतं तेव्हा “असंच” म्हणायची पाळी येत नाही.

इथे एक चूक जवळजवळ प्रत्येक घरात होते. भागांची नावं पाठ करून घेतात. हँडल कुठे, सीट कुठे, सायलेन्सर कुठे. पाहुणे आले की पुन्हा तेच. नावं येतात, बोलणं येत नाही. बोलणं क्रियापदावर उभं राहतं. ‘बाइक’ आणि ‘चिखल’ हे दोन शब्द शेजारी ठेवले तर ते दोन शब्दच राहतात. मधे ‘रुतली’ आली की गोष्ट होते. डर्ट बाइकचं सगळ्यात मोठं देणं मला हेच वाटतं. साधी गाडी जाते आणि थांबते. ही घसरते, रुतते, अडकते, उडते, आपटते, लटपटते, कलंडते, वळते, सुटते. मराठीत या प्रत्येकीला स्वतंत्र शब्द आहे आणि शब्दांमधला फरक हाताने दाखवता येतो. मऊ मातीत चाक खाली गेलं तर रुतलं; दोन दगडांच्या मधे सापडलं तर अडकलं. उतारावर ताबा गेला तर घसरली. उभ्या जागी एका बाजूला गेली तर कलंडली. मोठी माणसं घाईत सगळ्याला ‘पडली’ म्हणून मोकळी होतात. थोडं थांबून नेमका शब्द शोधावा. मुलाला तो अवघड वाटत नाही, कारण त्याच क्षणी तो त्याच्या डोळ्यांसमोर घडत असतो.

शिवाय मराठीत क्रियापद लिंगाप्रमाणे बदलतं. गाडी पडली, चाक पडलं, टायर पडला. एकाच अपघातात तिन्ही लिंगं. इंग्रजीत तिघांनाही एकच क्रियापद पुरतं. आपल्या मुलाला तीन रूपं कमवावी लागतात, आणि ती कानावर वारंवार पडल्याशिवाय कमावली जात नाहीत. मोठी गाडी, मोठं चाक, मोठा दगड. ओली माती, ओलं हेल्मेट, ओला टायर. विभक्तीचंही तसंच: दगडावर, दगडाखाली, दगडामागून, चिखलात, मातीतून. सुरुवातीला मूल ‘दगडवर’ म्हणेल, ‘चाक पडला’ म्हणेल. “असं नाही, चाक पडलं म्हण” असं सांगून त्याला थांबवू नका. “हो, चाक पडलं! चाक चिखलात पडलं,” एवढंच म्हणायचं. त्याचं वाक्य त्यालाच परत द्यायचं, नीट करून आणि एखादा शब्द वाढवून. ‘गाली पली’ला उत्तर “गाडी पडली, धप्पकन पडली.” र आणि ळ हे उशिरा येणारे आवाज आहेत, त्यांच्यासाठी अडून बसू नये. परक्या माणसाला दोन वर्षांच्या मुलाचं साधारण निम्मं बोलणं कळावं आणि तीन वर्षांच्या मुलाचं पाऊण, इतकीच अपेक्षा असते.

दुसरी चूक प्रश्नांची. “हे काय आहे? कुठला रंग? किती चाकं?” ही तोंडी परीक्षा झाली, आणि परीक्षेत मुलं गप्प बसतात. माझं माप असं: तीन वाक्यं सांगायची, मग एक प्रश्न, तोही शक्यतो निवडीचा. “लाल घ्यायची की निळी?” यात उत्तराचे दोन्ही शब्द मुलाच्या हातात दिलेले असतात. आणि विचारल्यावर थांबायचं. मनात सावकाश पाच अंक मोजा. लाजऱ्या मुलासाठी दहा. हा काळ मोठ्यांना फार लांब वाटतो, म्हणून दुसऱ्याच सेकंदाला ते स्वतःच उत्तर देऊन टाकतात. मुलाला ऐकायचं, समजून घ्यायचं, शब्द शोधायचा आणि जीभ हलवायची, इतकी कामं असतात.

थांबण्याची सगळ्यात सोपी जागा म्हणजे ‘एक, दोन, साडेमाडे तीन’. पोळपाट तिरका ठेवून त्याची उतरण करा. बाइक वर धरा. “एक... दोन... साडेमाडे...” आणि तोंड बंद. डोळे मुलाकडे. पहिले काही दिवस ते नुसतं हसेल, उड्या मारेल, तुमचा हात ढकलेल. तेही बोलणंच आहे, बाइक सोडा. एक दिवस ‘ती!’ येईल. पोळपाटाखाली आधी एक पुस्तक ठेवा, मग दोन, मग तीन. समोर जमिनीवर शर्टाचं एखादं बटण ठेवून बाइक कुठवर गेली ती खूण करता येते, पण मूल तीन वर्षांच्या आतलं असेल तर बटणाऐवजी डब्याचं झाकण घ्या. जवळ गेली, लांब गेली, आणखी लांब गेली. इथे तुलना शिकवावी लागत नाही. फरशीवर बाइक फार पुढे सरकते आणि कपाटाखाली जाते, हा मुंबईच्या घरांतला नेहमीचा प्रकार. समोर चटई अंथरली की वेगही कमी होतो आणि ‘फरशीवर सुळकन, चटईवर हळू’ हा नवा विषयही मिळतो.

आता चिखल. बाल्कनी नसलेल्या घरातही तो करता येतो, मोरीत किंवा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जुनी चादर पसरून. एक मोठी परात घ्या. रोपवाटिकेतून साधी लाल माती आणा, खत न मिसळलेली. सोसायटीच्या बागेतली माती घेऊ नका, तिथे मांजरं घाण करतात आणि त्यातून जंतू येतात. आणलेली माती जुन्या चाळणीने चाळा, काचा-तारा नाहीत ना पाहा, आणि कागदावर पातळ पसरून दोन दिवस कडक उन्हात ठेवा. मग चार वाट्या माती परातीत घ्या आणि पहिल्या दिवशी ती कोरडीच द्या. कोरड्या मातीत चाकाचा माग पुसट उमटतो, बाजू ढासळतात, धूळ उडते. शब्द: कोरडी, भुसभुशीत, उडाली, ढासळली. धूळ नाकातोंडात जाऊ नये म्हणून पंखा बंद.

दुसऱ्या दिवशी अर्धी वाटी पाणी. एकदम ओतू नका, मुलाच्या हातात चमचा द्या आणि त्यालाच घालू द्या, प्रत्येक चमच्याला “आणखी?” “आणखी!” आता माती दमट होते, दाबली तर गोळा होतो, आणि टायरचा ठसा स्वच्छ उठतो. हा दिवस सगळ्यात छान. तिसऱ्या दिवशी पाणी एक वाटीवर न्या: माती चिकट होते, बाइक रुतते, बाहेर काढताना ‘पच्च’ असा आवाज येतो. हा आवाज मुलाला पुनःपुन्हा हवा असतो, काढू द्या. दोन वाट्या पाण्याला नुसता राडा होतो, माग उमटतो आणि लगेच बुजतो. “माग कुठे गेला?” या प्रश्नाला उत्तर द्यायची घाई करू नका. मातीमातीत फरक असतो, म्हणून पाणी थोडं कमी-जास्त लागेल. नेहमी फसतं ते पहिल्याच दिवशी सगळं पाणी ओतल्यामुळे. कोरडं, दमट, चिकट, पातळ या चार अवस्थांपैकी तीन बघायच्या राहूनच जातात आणि चार दिवसांचं बोलणं दहा मिनिटांत संपतं.

काही मुलांना हात भरलेले सहन होत नाहीत. ती परातीपासून दूर उभी राहतात, हात पुढे करून ‘पूस’ म्हणतात. जबरदस्तीने हात बुडवू नका. लांब दांड्याचा चमचा द्या, बाइक त्याने ढकलता येते. शेजारी ओलं फडकं ठेवा म्हणजे हवं तेव्हा हात पुसता येईल हे मुलाला दिसत राहतं. जी मुलं अजून सगळं तोंडात घालतात त्यांच्यासाठी मातीऐवजी मळलेली कणीक. बाहेर मिळणाऱ्या कृतींमध्ये खूप मीठ घालायला सांगतात; लहान मुलाने ते मीठ जास्त खाल्लं तर धोक्याचं ठरतं. बिनमिठाची कणीक घ्या आणि त्याच दिवशी टाकून द्या. तिच्यावर ठसे उठवायला खऱ्या टायरचा तुकडा फार सुंदर दिसतो. पंक्चरवाल्याकडे किंवा कुर्ल्याला सीएसटी रोडच्या बाजूला गॅरेजांच्या रांगेत दुचाकीचा जुना टायर मिळेल. त्याच्या मधल्या, जमिनीला टेकणाऱ्या भागातूनच हातभर तुकडा कापून मागा. कडेच्या भागात पोलादी तार असते, ती हाताला लागते. घरी साबणाच्या पाण्याने घासा आणि वाळवा.

खेळणं निवडताना इतकं पाहा. सुटी होणारी लहान चाकं, आरसे, माणसाचं हेल्मेट यांतलं काहीही साधारण सव्वातीन सेंटीमीटर रुंदीच्या नळीत मावत असेल तर तीन वर्षांखालच्या मुलाला देऊ नये, घशात अडकतं. आवाज करणाऱ्या बाइकमध्ये बटणासारखे सपाट सेल असतात. त्यांचं झाकण स्क्रूने बंद हवं, कारण गिळलेला सेल काही तासांत अन्ननलिका जाळतो. २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय खूण सक्तीची आहे. रस्त्यावरच्या टोपलीतल्या खेळण्यावर ती नसते. चिखलासाठी मागे ओढून सोडायची बाइक घेऊ नका, आतल्या दातेरी चाकांत माती गेली की ती कायमची बंद पडते. साधी, हाताने ढकलायची बरी. आवाज मुलाच्या तोंडून यायला हवा असेल तर खेळण्याला आवाज नसलेलाच चांगला.

खेळून झालं की बाइक धुवायची. हा भाग मोठी माणसं मुलाला झोपवून उरकतात, आणि नेमका इथे ‘आधी-मग’चा क्रम आयता मिळतो: आधी पाणी, मग साबण, मग ब्रश, मग परत पाणी, मग पुसायचं. जुना टूथब्रश मुलाला द्या. धातूचा आस गंजू नये म्हणून शेवटी खोबरेल तेलाचा एक थेंब. धुतलेलं पाणी मोरीत ओतू नका, खालच्या जाळीत माती बसते आणि दुसऱ्या दिवशी प्लंबर शोधावा लागतो. बादलीत तासभर निवळू द्या. वरचं पाणी फेका, खालचा गाळ साबण गेल्याशिवाय झाडाला घालू नका, तो कागदावर वाळवून कचऱ्यात टाका. परातीतली स्वच्छ माती मात्र वाळवून पुन्हा वापरता येते. आणि मुलाचे हात साबणाने, नखांसकट.

पावसाळ्यात मुलाला बाहेरच्या डबक्यात उतरावंसं वाटतं, परदेशी चित्रांच्या पुस्तकांत सगळी मुलं उतरत असतात. मुंबईत नको. इथल्या साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं आणि त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पायाला साधा ओरखडा असला तरी जंतूंना वाट मिळते. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर या शहराने त्याची मोठी साथ पाहिली आहे. परातीतला चिखल म्हणूनच इथे इतका मोलाचा. कोरड्या दिवसांत शिवाजी पार्कची लाल माती आहे, तिच्या धुळीने आजूबाजूची घरं त्रासलेली असली तरी चाकाचा माग बघायला तिच्याइतकी जागा दादरमध्ये नाही. सकाळी लवकर जा, क्रिकेटची गर्दी व्हायच्या आत.

घरात पावसाने कोंडलेल्या दिवसांसाठी लोड आणि लाटणं. लोडावर दोन्हीकडे पाय टाकून बसायचं, लाटणं म्हणजे हँडल. उजवी मूठ पिळली की अ‍ॅक्सिलरेटर, उजव्या हाताशीच पुढचा ब्रेक, डाव्या हाताला क्लच, डाव्या पायाला गिअर, उजव्या पायाला मागचा ब्रेक. अडीच वर्षांच्या मुलाला डावं-उजवं कळणार नाही, ते अपेक्षितही नाही. पण “मूठ पिळ”, “पाय दाब”, “गुडघे वाकव”, “कोपर वर” या सूचना ते अंगाने समजून घेतं. मग जागा बदला: सूचना मुलाने द्यायच्या आणि बाबांनी पाळायच्या. मुलाने “थांब” म्हटल्यावर बाबा खरोखर थांबले, की शब्दाने माणूस हलतो हे त्याला पहिल्यांदा कळतं. बसायच्या आधी हेल्मेट म्हणून पातेलं, हातमोजे म्हणून पायमोजे. एखाद्या दिवशी मुद्दाम चुका, पायमोजा डोक्यावर घाला आणि गप्प बसा. ते दुरुस्त करेल, आणि दुरुस्त करायला शब्द लागतात.

व्हिडिओंबद्दल थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांप्रमाणे दोन वर्षांच्या आत पडदा नसावा आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी असेल तितकं बरं. पॅट्रिशिया कुल यांच्या २००३ सालच्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांनी समोर बसलेल्या माणसाकडून चिनी भाषेचे आवाज उचलले, आणि तीच माणसं पडद्यावरून बोलली तेव्हा काहीच उचललं नाही. अडीच वर्षांच्या मुलाला शर्यत दाखवायचीच असेल तर दोन मिनिटांचा तुकडा, आवाज बंद, आणि मुलाशेजारी बसून आवाज आपण काढायचा. उडीच्या क्षणी थांबवा: “आता? पडेल की जाईल?” तोच तुकडा आठवडाभर पुन्हा पुन्हा दाखवला तरी चालतो, मुलाला पुढे काय होणार हे माहीत असतं म्हणूनच ते बोलू धजतं.

खऱ्या गाडीपाशी नेताना बंद बाइकचाही सायलेन्सर तापलेला असू शकतो हे लक्षात ठेवा. पोटरीवर नाही तर लहान मुलाच्या गालावर, हातावर बसतो तो चटका. टाकीवर पुढे बसवून ‘एक चक्कर’ मारण्याची पद्धत इथे फार आहे, ती थांबायला हवी. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर न्यायचं तर चालवणाऱ्याशी बांधणारा हार्नेस आणि मुलाच्या मापाचं हेल्मेट लागतं, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. नियमच आहे. शर्यत बघायला नेलंत तर कानांवर मुलांच्या मापाचे इअरमफ आधी चढवा, कापूस पुरत नाही.

स्वतःची दोन चाकं द्यायची तर बिनपेडलची बॅलन्स बाइक, साधारण दोन वर्षांपासून. मापाचा नियम सोपा आहे: मुलाला बूट घालून भिंतीला टेकवून उभं करा, दोन पायांमधून पुस्तक वर सरकवा, पुस्तकाच्या वरच्या काठापासून जमिनीपर्यंत मोजा. सीट त्याहून तीनेक सेंटीमीटर खाली. दोन्ही तळवे पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघा किंचित वाकला पाहिजे. बाइकचं वजन मुलाच्या वजनाच्या साधारण तीस टक्क्यांच्या आत; बारा किलोच्या मुलाला साडेतीन किलोची. पहिले काही दिवस मूल सीटवर बसणारच नाही, नुसतं धरून चालेल. ढकलू नका, पाठीला हात लावू नका. चालणं, मग बसून चालणं, मग लांब ढांगा, मग दोन्ही पाय उचलून तरंगणं, असं ते आपोआप पुढे सरकत जातं. पार्किंगमध्ये नेलंत तर गाड्या बाहेर काढायची वेळ टाळून, दुपारी. बूट बंद, चप्पल नाही, कारण ब्रेक म्हणजे पायच.

घरात मराठी, सांभाळणाऱ्या मावशींची हिंदी, खाली खेळणाऱ्या मुलांची तिसरीच भाषा, हे मुंबईत चालायचंच. दोन भाषा कानावर पडल्याने बोलणं लांबत नाही. ‘बाइक गिर गई चिखलात’ हे संपूर्ण वाक्य आहे. मावशींनी त्यांच्या भाषेत भरभरून बोलावं, मोडक्या मराठीत तुटक बोलू नये.

पण काही गोष्टी वाट बघण्यासारख्या नसतात. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत ‘बाइक गेली’सारखे दोन शब्द स्वतःहून जोडले जात नाहीत, किंवा येत असलेले शब्द कुठल्याही वयात गळू लागले, तर दाखवून घ्या. बाइकच्या वेडातही एक खूण पाहता येते. ओढ असलेलं मूल बाइक दिसली की तिच्याकडे बोट करतं आणि तुमच्याकडे वळून बघतं, तुम्हीही पाहिलीत ना म्हणून. मूल बोट दाखवतच नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, तासन्‌तास एकटंच चाक फिरवत असेल आणि त्यात कुणी नको असेल, तर विकासतज्ज्ञ बालरोगतज्ज्ञांना भेटा. नुसतं चाक फिरवायला आवडणं हे काही दुखणं नाही. कुठल्याही शंकेत आधी श्रवणचाचणी. ‘ऐकू येतं की, दार वाजलं की बघतो’ हा पुरावा पुरत नाही, कारण ठरावीक पट्टीतलंच ऐकू न येणारी मुलं असतात. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय वाचा-श्रवण संस्था आहे, मुंबई सेंट्रलला नायर रुग्णालयाचा वाचा-श्रवण विभाग आहे. ‘याचे बाबाही उशिराच बोलले’ म्हणून वर्ष घालवू नका.

तिसऱ्या वर्षाच्या आसपास बोलण्याला एक नवं वळण लागतं. समोर नसलेल्या गोष्टीबद्दल मूल बोलू लागतं. काल काय झालं, सकाळी कुठे गेलो. याच्यासाठी गावाकडच्या आजीइतकं चांगलं कोणी नाही, आणि फोन साधा हवा, चित्र दिसणारा नको. चित्र दिसलं की मूल नुसती बाइक कॅमेऱ्यासमोर धरतं आणि ‘हे’ म्हणतं. साध्या फोनवर आजीला ना परात दिसते, ना पोळपाट. सगळं शब्दांनीच न्यावं लागतं. फोन लावायच्या आधी मुलासोबत एकदा उजळणी करा: आधी काय केलं, मग काय झालं. आणि आजीला आधीच सांगून ठेवा की शब्द सुचवायचे नाहीत, घाई करायची नाही, मधूनमधून एवढंच विचारायचं, “बरं, मग?”

“आजी, पाणी टाकलं.”

“बरं, मग?”

“बाइक लुतली.”

“रुतली! मग रे?”

पलीकडे पाच अंक मोजण्याइतकी शांतता.

“मग मी काढली. पच्च!”